हिंगोलीत आलेला समुद्र

हिंगोलीपासून समुद्र किती लांब? नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तरी पश्चिमेचा किनारा चारशे किलोमीटरहून जास्त भरतो. आमच्याकडच्या नद्या, पूर्णा, कयाधू, पैनगंगा, त्याही अरबी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघून जातात. जन्मात समुद्र न पाहिलेली माणसं आमच्याकडे घरोघर सापडतील. माझ्या अम्मीनेही तो कधी पाहिला नव्हता. म्हणूनच २०१९ साली एका सकाळी भाच्याने अंगणात निळ्या कॅनचं झाकण उघडलं, तेव्हा ओट्यावरून ती ओरडली, "ये कायकी बू आ री? मच्छी लाया क्या?"

भाचा हसला. घरात आम्ही दखनी बोलतो, पण त्याचं उत्तर तुम्हाला मराठीतच सांगतो. तो म्हणाला, "मच्छी नाही नानी, समुद्राचं शेवाळ आहे. झाडांचं खत आहे."

भाचा बीएस्सी झालेला. नोकरीची वाट पाहून थकला आणि त्याने हा उद्योग काढला. बाहेरून वीस लिटरचा कॅन मागवायचा, पाव लिटरच्या बाटल्या भरायच्या, मोबाईलवर जाहिरात टाकायची आणि पुण्या-मुंबईच्या गच्चीवर, बाल्कनीत कुंड्या लावणाऱ्यांना कुरिअरने पाठवायच्या. त्याचं दुकान म्हणजे एक टेबल, एक नरसाळं, चिकटपट्टीची रिळं आणि जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग. सुरुवातीला बाटल्या वाटेत गळायच्या, गिऱ्हाईक फोटो काढून पाठवायचं, पैसे परत करावे लागायचे. मग तो झाकणाखाली पत्र्याचा पातळ पापुद्रा बसवायला शिकला. २०२० साली टाळेबंदीत शहरातली माणसं घरात अडकली, कुंड्यांकडे वळली आणि त्याचा धंदा चालू लागला.

त्या दिवशी तो मला म्हणाला, "मामू, तुम्ही कविता लिहिता. बाटलीवरचा मजकूर तुम्हीच लिहून द्या." मी लिहून दिला. त्या चार ओळींमुळे पुढे मी एका शेतकऱ्याचा अपराधी झालो. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी समुद्र आमच्यापर्यंत कसा आला ते सांगायला हवं, कारण त्या प्रकारानंतरच मी त्याचा इतिहास धुंडाळायला बसलो.

समुद्र आमच्याकडे पहिल्यांदा आला तो मिठाच्या रूपाने आणि बैलाच्या पाठीवर. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्या एवढ्या मोठ्या राज्याला स्वतःचं एकही बंदर नव्हतं. शेवटच्या निजामाने पोर्तुगिजांकडून गोव्यातलं बंदर मिळवण्याची खटपट करून पाहिली, ती फळाला आली नाही. राज्य श्रीमंत, पण मीठ बाहेरचं. हे मीठ आणणारे लोक म्हणजे लमाण. लवण वाहतो तो लमाण, अशी त्या शब्दाची फोड सांगतात. किनाऱ्यावरच्या मिठागरांतून मीठ भरायचं, घाट चढायचे, ते देशावर विकायचं आणि परत जाताना धान्य न्यायचं. हजारो बैलांचे तांडे असत. मोगलांच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या तेव्हा त्यांना दाणागोटा पुरवला तोही याच लोकांनी.

हिंगोली हे तसं लष्कराचं गाव. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची इथं छावणी होती. ती फौज १९०३ साली ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणी उठली, नावं राहिली. रिसाला बाजार, तोफखाना, पलटन, पेन्शनपुरा ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो बरोबर नेतो. १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज रेल्वे आली. मीठ वाघिणीतून येऊ लागलं आणि बैलाच्या पाठीवरचं ओझं गेलं. ओझं गेलं तसं पोटही गेलं. ज्यांनी मुलखाला मीठ पुरवलं ते तांडे रस्त्याच्या कडेला स्थिरावले, मजुरीला लागले. आज जिल्ह्यात जागोजाग दिसणारे तांडे पाहताना मला ही आठवण होते. समुद्र आमच्या घरात आणणारी पहिली माणसं तीच होती.

आता खताकडे येऊ. आमच्या काळ्या मातीला मीठ नको होतं, शेण हवं होतं. उकिरडा हीच शेतकऱ्याची बँक. पाऊसकाळाआधी गाडीने शेणखत न्यायचं, धनगराला विनवून शेतात मेंढ्या बसवायच्या, त्याबदल्यात त्याला धान्य द्यायचं, असा हिशेब होता. मीठ म्हटलं की शेतकरी आजही दचकतो, कारण चोपण जमीन म्हणजे काय हे त्याने पाहिलेलं असतं. वर पांढरं फुटतं आणि बी उगवत नाही. त्यामुळे समुद्रातून खत येतं ही कल्पनाच आमच्याकडे उलटी वाटते. भाच्याला सुरुवातीला सगळ्यांनी हेच विचारलं, "समुद्राचं आहे ना, मग जमीन खारट नाही का होणार?"

किनाऱ्यावरच्या लोकांना हा प्रश्न पडला नव्हता. पावसाने मीठ धुऊन जातं आणि शेवाळ कुजून माती होते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. आयर्लंडच्या पश्चिमेला आरान नावाची बेटं आहेत. तिथं नुसता खडक. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या टोपल्यांतून वाळू आणि शेवाळ वाहून त्या खडकावर माती तयार केली आणि तिच्यात बटाटे पिकवले. माती वारशाने मिळते असं आपण समजतो. तिथं ती पाठीवर वाहून आणलेली आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर शेवाळावरून गावागावांत भांडणं होत. ते कुणी, कधी, किती कापायचं याचे नियम चौदाव्या लुईच्या १६८१ सालच्या सागरी कायद्यात घातले गेले. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते, तशी त्यांच्याकडे शेवाळाची होती. पुढे हेच शेवाळ जाळून राखेतून सोडा काढू लागले आणि त्या राखेतच १८११ साली बर्नार्ड कुर्त्वा या फ्रेंच माणसाला आयोडीन सापडलं. आज आपल्या मिठाच्या पुडीवर ज्याचं नाव असतं, ते हेच.

पण हे सगळं किनाऱ्यापुरतं. ओल्या शेवाळात बहुतेक पाणीच, ते दोन-चार कोसांपलीकडे वाहून नेणं परवडत नाही. ही अडचण दुसऱ्या महायुद्धानंतर सुटली. रेजिनाल्ड मिल्टन नावाचे इंग्लंडमधले एक रसायनशास्त्रज्ञ युद्धकाळात शेवाळापासून धागा काढता येतो का हे पाहत होते. तो नाद पुढे सुटला, पण शेवाळाचा पातळ अर्क काढण्याची रीत १९४९च्या सुमाराला त्यांच्या हाती आली. १९५२ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. समुद्र बाटलीत भरता येऊ लागला तो असा. लमाणाच्या गोणीनंतरची ही दुसरी गोणी म्हणायची.

आपल्या देशात शेवाळाची शास्त्रीय नोंद त्याआधीच सुरू झाली होती. फ्रेडरिक बोर्गेसेन हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ १९२७-२८ साली हिंदुस्थानात आले. त्यांनी मुंबईच्या खडकांवरची शेवाळं गोळा केली आणि १९३५ साली त्यांची यादी छापली. मुंबईकर ज्यावरून पाय घसरेल म्हणून जपून चालतात, त्यात किती जाती आहेत हे एका परक्या माणसाने मोजलं. १९५४ साली भावनगरला मीठ आणि समुद्री रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली. फ्रान्सेस्का थिवी नावाच्या बाई तिथं शेवाळावर काम करत आणि खत म्हणून त्याचा उपयोग करावा असं त्यांनी साठीच्या दशकातच मांडलं. मीठ आणि शेवाळाचं खत, दोन्ही एकाच संस्थेच्या छपराखाली आली हे मला फार आवडलं.

याच संस्थेने १९८४ साली कॅप्पाफायकस नावाची, मूळची फिलिपीन्सकडची जात संशोधनासाठी देशात आणली. नाव अवघड आहे, पण आज आपल्याकडच्या कित्येक बाटल्यांत तीच असते. २००० सालाच्या सुमाराला तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एका मोठ्या शीतपेय कंपनीच्या पैशाने तिची शेती सुरू झाली आणि बचतगटांच्या बायका त्यात उतरल्या. बांबूचा चौकोनी तराफा करायचा, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि तो उथळ पाण्यात सोडायचा. पंचेचाळीस दिवसांत पीक तयार. ताजं शेवाळ चिरडून रस काढला की तो खताला आणि उरलेला चोथा अन्नपदार्थ घट्ट करणाऱ्या कॅरॅजिनन नावाच्या द्रव्यासाठी, ही रीत भावनगरच्याच शास्त्रज्ञांनी बसवली.

त्या किनाऱ्यावरच्या बायका त्याआधीही बोटांना चिंध्या गुंडाळून, श्वास कोंडून पाण्याखाली जात आणि खडकावरचं रानशेवाळ तोडत. १९८६ साली मन्नारच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान झालं आणि बेटांजवळ जाणं गुन्हा ठरला. आपल्याकडे वनखातं आणि सरपण आणणाऱ्या बाया यांच्यात जे चालतं, तेच तिथं पाण्यात चाललं. तराफ्यांनी त्यांतल्या काहींना सावरलं. पण २००८ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं की हे परकं शेवाळ तराफ्यांतून सुटून प्रवाळांवर पसरतंय आणि त्यांचा जीव घेतंय. पुढे २०१३ नंतर पाणी तापलं आणि शेवाळाचं पीकच मोठ्या प्रमाणावर मेलं. म्हणजे दुष्काळ समुद्रातही पडतो. हे वाचेपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं. अंगणात उघडलेल्या त्या कॅनच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारखीच पावसाकडे, उन्हाकडे बघणारी माणसं आहेत, एवढं मला त्यातून कळलं.

आता माझी गोष्ट. बाटलीसाठी मी लिहिलेल्या चार ओळी पुन्हा सांगायला लाज वाटते. त्यांचा मथितार्थ असा होता की ही एक बाटली घरात असली की बाकी सगळ्या खतांना सुट्टी, आणि झाडाकडे रोग फिरकणार नाही. यमक चांगलं जुळलं होतं. कवीला यमक जुळलं की गोष्ट खरी झाल्यासारखी वाटते, हा आमच्या जातीचा जुना रोग आहे. आणि मी समजत होतो की हे सगळं कुंडीतल्या गुलाबासाठी चाललंय.

पण छापलेला शब्द कुठं जाईल याचा नेम नसतो. जवळच्या एका गावच्या शेतकऱ्याने ती जाहिरात मोबाईलवर वाचली. मराठीत होती, खाली माझं नाव होतं. तो मला ओळखत होता, एका गणेशोत्सवाच्या कविसंमेलनात त्याने मला ऐकलं होतं. त्याने बाटल्या नेल्या आणि दीड एकर हळदीवर वापरल्या. हळद हे आमच्या जिल्ह्याचं सोनं. वसमतपासून हिंगोलीच्या बाजारापर्यंत तिचाच पिवळा धुरळा उडतो. पण ती खादाड आहे. नऊ महिने जमिनीत राहते आणि पोटभर मागते. २०२० साली भादव्यानंतर पाऊस थांबेना. शेतात पाणी साचलं आणि कंदकुज लागली. त्याने बुरशीची आळवणी केली नव्हती, खताचा दुसरा हप्ताही दिला नव्हता. बाटली होती ना.

तो भांडायला आला नाही. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "भाई, बाटलीवरचं तुमचंच ना? मी वाचूनच घेतलं होतं."

मी रात्री हिशेब मांडला. कृषी विद्यापीठांची शिफारस आहे की हळदीला हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद आणि १०० किलो पालाश द्यावं, शिवाय गाड्या भरून शेणखत. एका लिटरच्या बाटलीत सगळं नत्रच भरलंय असं समजलं, तरी ते एक किलो. बाकीचे १९९ किलो काय माझं यमक देणार होतं? शेवाळाच्या अर्कात अन्नद्रव्यं थोडी असतात. त्यात असतात ती झाडाला चेतवणारी द्रव्यं, मुळं फुटायला, ऊन-ताण सोसायला मदत करणारी. लिटरभर पाण्यात दोन-तीन मिलिलिटर, एवढ्यावर काम भागतं, म्हणूनच जमीन खारट होत नाही. आणि म्हणूनच पोटही भरत नाही. रोगावरचं औषध तर ते मुळीच नाही. कदाचित आळवणी करूनही त्याची हळद गेली असती, पाणीच तसं साचलं होतं. पण त्याने ती केली नाही, आणि न करण्याचं कारण माझी ओळ होती.

भाच्याने बाटल्यांचे पैसे परत दिले. पुढच्या वर्षीच्या बेण्याचा अर्धा खर्च आम्ही उचलला. त्याने तो नको नको म्हणत घेतला.

असं का होऊ शकलं, याचंही उत्तर इतिहासात आहे. खतांवर नियंत्रण ठेवणारा आदेश आपल्या देशात १९५७ साली निघाला, १९८५ साली नवा आला. कीटकनाशकांसाठी १९६८ सालचा कायदा आहे. पण ही 'टॉनिकं' धड खत नव्हती, धड औषध नव्हती. दोन शेतांच्या मधल्या बांधावर कुणाचंच लक्ष नसतं, तसं झालं. शेवटी २३ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा वर्ग घातला आणि त्यात समुद्री शेवाळाच्या अर्काचं नाव आलं. तात्पुरत्या परवान्यांची मुदत वाढत वाढत जून २०२५ मध्ये संपली. त्या जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं की कित्येक वर्षं असली सुमारे तीस हजार उत्पादनं तपासणीविना विकली जात होती, ती आता साडेसहाशेच्या आसपास आली आहेत. त्या तीस हजारांत आमची बाटलीही होती, हे मी मान्य केलं पाहिजे.

कायदा आला तेव्हा भाच्याने पुरवठादाराकडे कागद मागितले. ते मिळाले नाहीत. त्याने तो कॅन बंद केला आणि नरसाळं मोडीत काढलं, कारण मोठ्या भांड्यातून छोट्या बाटल्या भरून आपल्या नावाने विकणं कायद्यात बसत नव्हतं. आता विक्रीचा परवाना काढून तो नोंदणी झालेल्या कंपनीच्या सीलबंद बाटल्या विकतो. जोडीला निंबोळी पेंड, गांडूळ खत, नारळाच्या काथ्याचा भुसा. नफा निम्म्यावर आला. पण झोप लागते, असं तो म्हणतो.

या सगळ्यात मला श्रीपाद दाभोलकरांची आठवण होते. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक २००१ साली गेले. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. द्राक्षं लावणारे शेतकरी एकमेकांना पत्रं लिहीत, काय केलं, काय फसलं ते कळवत. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी पोस्टाच्या तिकिटावर हे जाळं विणलं. त्यातला मुद्दा मला आता उमगला. त्या पत्रांत फसलेला प्रयोगही लिहिलेला असे. आमच्या जाहिरातीत मात्र फक्त फुलं होती.

उर्दूत पत्राला खत म्हणतात. मराठीत खत म्हणजे शेतात घालायचं आणि खत म्हणजे दस्तऐवजही, खरेदीखत, गहाणखत. खरेदीखतावर सही केली की माणूस बांधला जातो. बाटलीच्या आत एक खत असतं आणि बाटलीवर दुसरं. आतलं तपासायला प्रयोगशाळा आहे. वरच्या खताला मात्र लिहिणाराच जामीन असतो.

आता भाचा प्रत्येक बाटलीसोबत एक छोटी चिठ्ठी घालतो. प्रमाण किती, कधी फवारायचं, काय अपेक्षा ठेवायची नाही, हे त्यात साध्या मराठीत दिलेलं आहे. ती लिहायला बसलो तेव्हा मी त्या शेतकऱ्यालाच बोलावलं. त्याने माझा मसुदा ऐकला, मान हलवली आणि म्हणाला, "भाई, एवढं लांबड कशाला? असं लिहा, शेणखत ही भाकरी आणि हे लोणचं. नुसत्या लोणच्यावर कुणी जगत नाही."

चिठ्ठीत पहिली ओळ तीच आहे. तिच्याखाली माझं नाव नाही, कारण ती माझी नाही.